हात सैल सोडा

श्रावणातला सोमवार, दुकानात पाय ठेवायला जागा नाही,
दोन-सहाचं हिरवं डझन काढायला हात वर केला.
केला म्हणजे, करायला गेलो.
तो आला नाही.

पद्मिनी म्हणाली, अंगावरून वारं गेलं.
दवाखान्यातल्या कागदावर दुसरंच काही लिहिलेलं,
पण मला तिचंच पटलं.
वारं आलं, गेलं,
जाताना उजवीकडचं दार ओढून घेऊन गेलं.

बर्दापूरचा लिंबाजी पिशवीतून दोन कबुतरं घेऊन आला.
ह्यांचं रक्त चोळा, म्हणाला, आठ दिवसांत हात हलतो.
आमच्या घरात पाणीसुद्धा गाळून पितात.
पद्मिनीनं त्याला चहा दिला
आणि पिशवीचं तोंड गच्चीवर जाऊन सोडलं.
एक उडालं. एक अजून पत्र्यावरच असतंय,
दुपारी माझ्यासारखंच घुमत बसतं.

अंबाजोगाईत मंडी बाजारात चाळीस वर्षं
मी हात बघितले.
ज्योतिषी बघतो तसे नाही, धरून बघितले.
चार बोटं एकमेकांत दाबायची,
अंगठ्याचं हाड आत मुरडायचं,
कापूस वेचून तडकलेली कातडी असली की साबणाचं पाणी जरा जास्त,
आणि एकच वाक्य, दिवसातून शंभरदा:
ताई, हात सैल सोडा.
मग लगेच, पाऊस किती झाला तुमच्याकडं?
ती पावसाचं सांगू लागली
की बांगडी मनगटात.

आता समरीन म्हणते,
काका, हात सैल सोडा.

पोरगी माझ्या नातीएवढी, मेडिकलला नवीनच लागलेली.
मूठ बघते माझी. श्रावणापासून मिटलेली,
अंगठा आत,
जसं पोरानं चिंचोका लपवावा.
चिंचोकेच मांडते पुढं, वाटीभर.
ह्या वाटीतले त्या वाटीत टाका.
डाव्या हाताला उपरण्यात गुंडाळून गाठ मारते,
त्यानं मदत करायची नाही.
तो बिचारा आतल्या आत चुळबुळतो,
धाकट्याची परीक्षा, थोरला खिडकीबाहेर उभा.

एक चिंचोका. घसरला.
तोच चिंचोका. घसरला.
अर्धा तास, एक चिंचोका.

मग एके दिवशी आरसा आणला,
टेबलावर दोन्ही हातांच्या मधोमध उभा केला.
डावा उघडा, म्हणाली, आरशात उजवा बघा.
अगं, दुकानात मीच आरसे लावलेत,
एका डझनाचे दोन दिसावेत म्हणून!
ही लबाडी मला शिकवतेस?
पण बघितलं.
आरशातला उजवा अलगद उघडला,
पाचही बोटं,
आणि माझ्या घशात काहीतरी आलं.
इतकी वर्षं गिऱ्हाईक कसं फसतं
ते त्या दिवशी आतून कळलं.

वहीत लिहिताना ती म्हणाली, वाढली काका, दोन बोटं.
मी दचकलो.
काय वाढली?
हालचाल.
आमच्या धंद्यात, म्हटलं, बांगडी फुटत नसते बाळ,
फुटली म्हणत नाहीत. वाढली म्हणतात.
ती खूप हसली. मग वहीतलं पान बघत
थोडा वेळ गप्प बसली.

मार्गशीर्षात पद्मिनीला म्हटलं, दोन-चारचं एक डझन घे बरोबर.
समरीनचा हात दोन-चारचा,
पहिल्याच दिवशी कळलं होतं, धरल्याबरोबर.
मनगटाला घड्याळ तेवढं. ते तिनं काढून ठेवलं.
बसली समोर. हात दिला.
माझी बोटं तिच्या बोटांवर ठेवली,
म्हणजे डाव्यानं उचलून ठेवली, आज त्याला मोकळीक होती.

पहिली वाढली.
दुसरी वाढली. काच गोळा करायला पद्मिनी वाकली,
मी हात मागं घेऊ लागलो
तर समरीन म्हणते कशी,
काका, पाऊस किती झाला तुमच्याकडं?

भर थंडीत!
मी सांगायला तोंड उघडलं,
लातूर रोडला म्हणे परवा भुरभुर,
आणि तिसरी
पेरापर्यंत गेली.
तिथंच थांबली. पुढं ना मागं.

बाहेर पुढचा पेशंट खोकला.
ती तशीच उठली,
बांगडी पेरावर अडकलेली,
त्याच हातानं दार उघडलं.